आमच्या वतीनं

नगरहून आलेलं ते पत्र गोजरबाईंच्या हाती लागलं ते चुकून. महिन्याचे आकडे द्यायला त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या होत्या. हेडक्लार्क गहिनीनाथ चहाला गेलेले, म्हणून त्या त्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि उभ्या उभ्या वरचाच कागद वाचून मोकळ्या झाल्या. अठ्ठावीस वर्षं नर्सची नोकरी झालेली बाई. कचेरीतला कागद आपण वाचायचा नसतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यात 'परिचारिका' हा शब्द होता आणि तो त्यांना सरकारी कागदात फारसा कधी भेटला नव्हता.

दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या आरोग्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक समिती नेमावी, असं पत्रात होतं. समितीत कोणकोण असावं याची यादी होती, आणि यादीच्या शेवटी होतं, परिचारिकांचा एक प्रतिनिधी. त्या ओळीपुढं शाईनं कुणीतरी लिहून ठेवलं होतं : 'डॉ. बोरुडे हे नर्सांच्या वतीने पाहतील.'

गोजरबाईंनी ही गोष्ट एसटी स्टँडवर मनकर्णाला सांगितली, तीही आजूबाजूला बघून, हळू आवाजात. सांगून झाल्यावर त्यांनाच धास्ती वाटली. "तू काही करू नको हां," त्या म्हणाल्या. "मी आपलं सहज सांगितलं."

मनकर्णा भिंगारदिवे निंबेटाकळीच्या दवाखान्यात सहा वर्षं नर्स होती. माहेर खर्ड्याचं. तिच्या बापानं, रंभाजीनं, छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडले आणि थोरल्या पोरीला नगरला नर्सिंग शिकायला घातलं. तेव्हा भावकीनं त्याला वेड्यात काढलं होतं. नवरा कचरू दूर श्रीरामपूरकडं साखर कारखान्यात कामाला. मुलगी खर्ड्याला आजीपाशी राहून शाळा शिकत होती. निंबेटाकळीत मनकर्णा एकटीच राहायची. पहिल्या वर्षी गावातल्या काही घरांनी तिला उंबऱ्याबाहेरच उभं केलं होतं. पुढं त्याच घरांतल्या सुना अडल्या, तेव्हा तिला आत बोलवावंच लागलं, आणि एकदा आत गेलेली मनकर्णा पुन्हा बाहेर उभी राहिली नाही.

डॉक्टर बोरुड्यांची नेमणूक निंबेटाकळीलाच होती. पण तालुक्याच्या गावची दोन कामं त्यांच्या गळ्यात बांधलेली, म्हणून ते आठवड्यातून दोनदा जीपनं यायचे, रांगेतले पेशंट तपासायचे आणि परत जायचे. माणूस वाईट नव्हता. हाताला गुण होता, बोलणं मऊ होतं. फक्त वरच्या माणसापुढं त्यांचा आवाज बसायचा.

ते त्र्याहत्तर सालचे एप्रिलचे दिवस होते. निंबेटाकळीच्या डोंगराखाली पाझर तलावाचं काम चालू होतं आणि त्यावर अडीच हजार माणसं राबत होती. आसपासच्या बारा-पंधरा वाड्यांतली सगळी घरं सकाळी मोकळी व्हायची. प्यायच्या पाण्याचा टँकर एकाच विहिरीवरून भरला जायचा, आणि ती विहीर तालुक्याचे सभापती आप्पासाहेब यांच्या चुलत भावाची. विहिरीत हातभर पाणी उरलं होतं. ढवळलं की गढूळ व्हायचं, आणि वरून काठावर जनावरं. मनकर्णानं पाणी शुद्ध करायची पावडर मागितली, ती आली नाही. दोन मैलांवरच्या दुसऱ्या विहिरीवरून टँकर भरा, असं तिनं दोनदा लिहून दिलं. त्याचंही उत्तर आलं नाही.

मग जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत सात माणसं गेली. त्यांतली चार लेकरं. आणि कामावरच्या राहीबाईची सून. एकोणीस वर्षांची पोर, सातवा महिना लागलेला. दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या शिल्लक होत्या चार. चारही मनकर्णानं तिला लावल्या. सकाळी आणलेली पोर दिवस मावळायच्या आत गेली. राहीबाई रडली नाही. तिनं सुनेच्या हातातल्या बांगड्या काढल्या, पदरात बांधल्या आणि विचारलं, "बाई, ह्ये कशानं झालं?" मनकर्णानं सांगितलं, पाण्यानं झालं. महिन्याच्या रिपोर्टात तिनं तेच लिहिलं. जुलाब-उलट्या, दूषित पाणी, मयत सात.

पाच तारखेला तालुक्याच्या सभागृहात मासिक मिटिंग भरली. रीत अशी होती की टेबलाभोवती सभापती, अधिकारी आणि डॉक्टर बसायचे, आणि तालुक्यातल्या अठरा नर्सा मागच्या भिंतीला ओळीनं उभ्या राहायच्या. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं आणि विचारलं तेवढंच सांगायचं. गहिनीनाथ गावागावांचे आकडे वाचत चालले होते. निंबेटाकळीची पाळी आली तसं त्यांनी वाचलं, "मयत सात, कारण ज्वर."

मनकर्णाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती भिंत सोडून दोन पावलं पुढं आली.

"ज्वरानं नाही, साहेब. जुलाबानं. मी तसं लिहून दिलंय."

आप्पासाहेबांनी मान वर केली. त्यांनी आवाज कधी चढवला नाही. त्यांना त्याची गरजच पडायची नाही. वाचन चालू आहे, काही म्हणणं असेल तर डॉक्टरांमार्फत सांगावं, असं ते म्हणाले. नर्सांचं म्हणणं समितीपुढं डॉक्टरच मांडणार आहेत, तसं ठरलेलं आहे, हेही त्यांनी सहज सांगून टाकलं.

"कुणी ठरवलं?" मनकर्णानं विचारलं.

सभागृहात हालचाल झाली. गोजरबाईंनी मागून तिच्या पदराला हळूच ओढ दिली.

"बाई, डॉक्टर शिकलेला मानूस हाय," आप्पासाहेब म्हणाले. "तुमचं म्हननं तुमच्यापरीस नीट सांगतील."

"मग सात माणसं पाण्यानं मेली, हे सांगितलं का त्यांनी?"

डॉक्टर बोरुडे टेबलावरच्या कागदाकडं बघत राहिले. आप्पासाहेबांनी गहिनीनाथांना पुढचं गाव वाचायला सांगितलं.

परतताना डॉक्टरांनी मनकर्णाला जीपमध्ये बसायला सांगितलं. अर्धा रस्ता सरला. मग तेच म्हणाले, "सिस्टर, रिपोर्ट मीच बदलला."

मग ते कारणं सांगत राहिले. जुलाब लिहिलं की साथ जाहीर होते. साथ जाहीर झाली की नगरहून काम बंद ठेवायचा हुकूम येतो. अडीच हजार माणसांच्या हातचं काम जातं, मजुरांना खायला मिळणारी सुकडी बंद होते. मग ती माणसं पाण्यानं नाही, भुकेनं मरतील. आप्पासाहेबांनी त्यांना असं समजावलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं.

"काम बंद करा, असं मी कुठं लिहिलं होतं?" मनकर्णा म्हणाली. "मी विहीर बंद करा म्हणाले होते."

डॉक्टर म्हणाले, "सभापतींच्या भावाची विहीर आहे, सिस्टर."

"ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तर तुम्ही आमच्या वतीनं नको."

तिसऱ्या दिवशी मेमो आला. भर सभेत बेशिस्त वर्तन केल्याबद्दल खुलासा मागवला होता. मनकर्णानं एका ओळीचा खुलासा पाठवला : मी खरे आकडे सांगितले.

रविवारी दुपारी गोजरबाईंच्या खोलीत नर्सा जमल्या. अठरापैकी चौदा आल्या, कुणी एसटीनं, कुणी बैलगाडीनं, दोघी चालत. खोलीत दाटी झाली, म्हणून दारं-खिडक्या उघड्या टाकून त्या सतरंजीवर बसल्या. आधी सगळ्यांनी आपापली गाऱ्हाणी सांगितली. कुणाला राहायला खोली नाही, कुणाच्या दवाखान्यात सहा महिने कात्री नाही, कुणाला गावच्या पुढाऱ्याचा त्रास. ती सगळी ऐकून झाल्यावर मनकर्णानं नगरच्या पत्राची गोष्ट काढली. समितीत नर्सांची जागा आहे. आपली माणूस आपण निवडायची.

कोपऱ्यात रतनबाई बसल्या होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या की मनकर्णाबाईंबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही, पण गावागावांत लोक काय म्हणतील याचाही विचार करायला पाहिजे. सगळ्या नर्सांच्या पुढं उभी राहायची तर बाई कशी, कुठली, हे बघतातच लोक. एवढंच बोलून त्या थांबल्या. पुढचं बोलायची गरज नव्हती. खोलीतल्या प्रत्येकीला कळलं होतं. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ती गप्प राहिली. हे तिला नवीन नव्हतं, आणि या वेळी उत्तर तिनं द्यायचं नाही असं तिनं मनाशी पक्कं केलं.

उत्तर दिलं गोजरबाईंनी, देशमुखांच्या घरातल्या, आयुष्यभर पडतं घेत आलेल्या बाईनं.

"रतन," त्या म्हणाल्या, "परवा सभेत आपण अठराजणी भिंतीला होतो. पुढं गेली ती एकटी. मी तिचा पदर ओढला, आणि घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. तुला दुसरी कुणी दिसत असेल तर नाव सांग."

रतनबाईंनी नाव सांगितलं नाही.

मग काय करायचं यावर बराच खल झाला. एकीनं संप सुचवला. मनकर्णानं तो धुडकावला. आपण घरी बसलो तर बाळंतिणी मरतील, साहेबांचं काय जातं, असं तिनं विचारलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. गोजरबाई सुपारी कातरत बसल्या होत्या, त्या मधेच म्हणाल्या, "त्यांना आपली गरज लागते कधी? महिन्याच्या पाच तारखेला. आकडे द्यायचे नाहीत."

त्या बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या त्यांच्याकडं बघतायत. लस किती टोचली, बाळंतपणं किती, मयत किती, कुटुंबनियोजनाच्या केसेस किती. हे आकडे अठरा गावांतून आले नाहीत तर तालुक्याचा तक्ता कोरा जाईल, आणि नगरच्या साहेबांना तालुका आहे की नाही तेही कळायचं नाही. काम सगळं करायचं, दुप्पट करायचं, दवाखान्याच्या वहीत नीट नोंदही ठेवायची. फक्त वर पाठवायचं नाही. आमच्या आकड्यांत खाडाखोड करायची नाही आणि आमच्या वतीनं आम्हीच बोलणार, एवढं लेखी मिळेपर्यंत नाही.

हात वर करून मतं घेतली. मनकर्णाच्या बाजूनं तेरा हात वर झाले. रतनबाईंचा हात मांडीवरच राहिला.

पुढच्या पाच तारखेला गहिनीनाथ टेबलाशी वाट बघत बसले. एकही नर्स आली नाही. सहा तारखेला त्यांनी शिपाई धाडले, तर प्रत्येक दवाखान्यातून एकच चिठ्ठी परत आली, 'लेखी मिळाल्याशिवाय आकडे नाहीत', खाली सही त्या त्या नर्सची. रविवारी न आलेल्या चौघींच्याही चिठ्ठ्या तशाच. दहा तारखेला नगरहून विचारणा झाली. बारा तारखेला मनकर्णाच्या बदलीची ऑर्डर निघाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात. चार्ज घ्यायला येणार होत्या रतनबाई.

मनकर्णानं ऑर्डर घेतली, पोचही दिली. त्या दिवशी ती तलावाच्या कामावर लस टोचत होती. मनातून ती खचली होती. अकोल्याहून खर्डा म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची वाट. मुलीची भेट आता सुट्टीशिवाय होणार नव्हती. आणि चार्ज घ्यायला रतनबाईच यायच्या होत्या, हे तर तिला फारच लागलं होतं. त्याच दुपारी आप्पासाहेबांची जीप तलावावर आली.

ते खाली उतरले, बाभळीच्या सावलीत उभे राहिले आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं. मुलीची चौकशी केली. शाळा कशी चाललीय, आजी थकली असेल, असं बरंच काही. मग म्हणाले की आकडे आले तर बदलीचं बघता येईल, ऑर्डर काही दगडावर कोरलेली नसते. आसपासच्या बायकांनी घमेली खाली ठेवली होती.

"साहेब, विहिरीचं काय?" मनकर्णानं विचारलं.

"विहिरीचं समिती बघंल."

"समितीत मी आहे. नर्सांनी मला निवडलंय."

आप्पासाहेब हसले. त्यांनी काही बोलायच्या आत राहीबाई पुढं आली. मातीनं हात भरलेले, ते तिनं लुगड्याला पुसले.

"आप्पासाहेब, माजी सून तापानं गेली आसं तुमी लिवलंय म्हनं," ती म्हणाली. "मी हुते तिच्यापाशी. तिचं आंग थंडगार हुतं. ताप नव्हता तिला."

आप्पासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बायका वाढत चालल्या होत्या. त्यांनी राहीबाईला काहीतरी धीराचं सांगितलं आणि ते जीपमध्ये बसले. निघताना टँकरवाल्याकडं त्यांनी एकदा पाहिलं, त्यानं मान फिरवली.

रतनबाई चार्ज घ्यायला आल्या नाहीत. त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला : पाय मुरगळलाय, पाऊस पडेपर्यंत काही बरा व्हायचा नाही. हा निरोप ऐकून मनकर्णा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी नगरचे मोठे आरोग्य अधिकारी स्वतः आले. त्या दिवशी सभागृहात अठराच्या अठरा नर्सा होत्या. रतनबाई सरळ पायांनी चालत आल्या आणि मनकर्णाच्या शेजारी उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी कोरा तक्ता पुढ्यात ठेवला आणि नर्सांच्या वतीनं कोण बोलणार असं विचारलं. गहिनीनाथांनी लगबगीनं सांगितलं, डॉक्टर बोरुडे.

डॉक्टर उठले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, तो मनकर्णाचा मूळ रिपोर्ट होता.

"मी यांचा प्रतिनिधी नाही," ते म्हणाले. "मला यांनी निवडलेलं नाही. हा रिपोर्ट खरा आहे, सात माणसं दूषित पाण्यानं गेली. ज्वर मी लिहिला." एवढं बोलून ते खाली बसले आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी मान वर केली नाही.

मग मनकर्णा पुढं गेली. तिच्यासमोर रिकामी खुर्ची होती, ती ओढून ती टेबलाशी बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. तिनं आधी सात नावं सांगितली, वयासकट, वाडीसकट. मग तिनं मागण्या सांगितल्या. ती विहीर आजच बंद व्हावी आणि टँकर दुसरीकडून भरावा. कामावर रोज एक नर्स असावी, तिच्यासाठी सावलीचं छप्पर आणि सलाईनचा साठा असावा. गरोदर बाईच्या डोक्यावर घमेलं देऊ नये, तिला बसून करायचं काम द्यावं. आणि नर्सनं लिहिलेला आकडा बदलायचा झाला तर तिच्यासमोर बदलावा, तिची सही घेऊन.

आप्पासाहेबांनी सांगितलं की हे सगळं समितीच्या कक्षेत येतं, सवडीनं विचार होईल.

"समितीच बसलीय ना आता," मनकर्णा म्हणाली. "मग विचार करा. आम्ही थांबतो."

मागं बाकीच्या सतराजणी तशाच उभ्या होत्या. अधिकारी काही क्षण पेन हातात धरून बसले. त्यांना काम बंद पडलेलं नको होतं, साथही नको होती, आणि कोरा तक्ता तर मुळीच नको होता. त्यांनी लिहायला घेतलं.

विहीर तिसऱ्या दिवशी बंद झाली. आठवड्याभरात कामावर छप्पर उभं राहिलं. अठरा गावांचे आकडे एकाच दिवशी कचेरीत पोचले, आणि गहिनीनाथांनी ते दोनदा मोजून घेतले. जुलाबानं त्यानंतरही दोघं गेले. पण साथ पसरली नाही, आणि काम एक दिवसही थांबलं नाही. आप्पासाहेब सभापती राहिले. डॉक्टर बोरुड्यांची पगारवाढ रोखली गेली. त्याबद्दल ते कुणापाशी बोलले नाहीत, पण त्यानंतर ते आठवड्यातून चार दिवस निंबेटाकळीला येऊ लागले.

मनकर्णाची बदली मात्र रद्द झाली नाही, नुसती पुढं ढकलली गेली. पुढच्या वर्षी जूनमध्ये, दुष्काळ सरल्यावर, तीच ऑर्डर नवी तारीख घालून आली. समितीही तेव्हा मोडणार होती. पण नर्सांनी आपली जागा सोडायची नाही असं ठरवलं होतं, आणि मासिक मिटिंगमध्ये आपल्या वतीनं बोलायला त्यांनी हात वर करून माणूस निवडली. रतनबाई. त्या आधी नको नको म्हणाल्या. मग गोजरबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, आणि त्या उठून पुढं गेल्या.

निंबेटाकळीहून निघताना मनकर्णाला पोचवायला राहीबाई रस्त्यापर्यंत आली. तिनं पोटाशी धरून आणलेलं बोचकं मनकर्णाच्या हातात दिलं. त्यात बाजरीचं पीठ होतं. दोघी एसटी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या.

अकोले तालुक्यात तिला मिळालेला दवाखाना डोंगरात होता. तिथल्या डॉक्टरांच्या कानावर तिचं नाव आधीच गेलेलं होतं. त्यांनी तिला समोर उभं करून सांगितलं की इथं सगळं शांत आहे, आपापलं काम करावं, कागदोपत्री भानगडी इथं चालत नाहीत. मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं. पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "या तालुक्यात नर्सा किती आहेत, डॉक्टर? मला त्यांची गावं लिहून पाहिजेत."